कंट्रोल-आय दाबण्यापूर्वी

प्रोजेक्ट रिपोर्ट सबमिट करायच्या आदल्या रात्री होस्टेलमध्ये जे काही चालतं, त्याला लग्नघराचीच उपमा शोभते. कुणाचं पेन ड्राइव्ह हरवलेलं असतं, कुणाच्या रिपोर्टात चौथं चॅप्टर दोनदा आलेलं असतं, आणि एखादा महाभाग रात्री दीड वाजता उठून विचारतो, ‘अरे, आपल्या ग्रुपमध्ये नक्की किती जण आहेत?’ या गोंधळात मी एक गोष्ट दरवर्षी पाहत आलोय. ज्या पानावर मजकूर कमी आणि भावना जास्त, ते पान हमखास तिरकं असतं. ॲक्नॉलेजमेंट तिरकं, ‘टू माय पेरेंट्स’ तिरकं, सुरुवातीचा सुविचार तिरका. आणि यंदापासून मराठी मजकूरही तिरका! आपल्याच अंकाच्या मराठी विभागातल्या कविता ‘छान इटॅलिकमध्ये, फुलांच्या बॉर्डरमध्ये’ लावायच्या असा एक ठराव कँटीनमध्ये वडापावाच्या साक्षीने पास झाल्याचं कानावर आलं. हा लेख त्या ठरावाला माझा लेखी विरोध आहे.

आता हा कोण टिकोजीराव, असं वाटणं साहजिक आहे. म्हणून सांगतो. मेसचं बिल भागवण्यासाठी दोन वर्षं मी संध्याकाळी काळेवाडीत, पाचपीर चौकाच्या जवळ एका डीटीपीच्या दुकानात बसतो. दुकान म्हणजे दहा बाय बाराचा गाळा, दोन कॉम्प्युटर, एक झेरॉक्स मशीन आणि भिंतभर लग्नपत्रिकांचे नमुने. पवनेच्या अलीकडचे आणि पलीकडचे सगळ्या प्रकारचे लोक येतात. वास्तुशांतीची पत्रिका, दहाव्याचं कार्ड, भाडेकरार, बायोडेटा, भोसरी-चाकणच्या वर्कशॉपचं चलन बुक, आणि एप्रिल-मेमध्ये आपले ब्लॅक बुक. दुकानाचे मालक, ज्यांना आम्ही सगळे काका म्हणतो, ते तरुणपणी खिळे जुळवणारे कंपोझिटर होते. त्यांच्याकडून मी अक्षराकडे बघायला शिकलो. त्याआधी मी फक्त वाचत होतो.

तर आधी इटॅलिकची बाजू नीट मांडतो, कारण माझं भांडण इटॅलिकशी नाहीच.

इटॅलिक हा इंग्रजीचा नखरा नाही, तो इटलीचा शोध आहे; नावातच गाव आहे. व्हेनिसमध्ये आल्डुस मानुटियुस नावाचा प्रकाशक होता. त्याच्यासाठी फ्रान्चेस्को ग्रिफो या कारागिराने त्या काळच्या विद्वानांच्या जलद, वळणदार हस्ताक्षरावरून ठसे कापले आणि १५०१ मध्ये त्या ठशांत व्हर्जिलच्या कवितांचं छोटेखानी पुस्तक निघालं. पूर्ण पुस्तक तिरकं! गंमत म्हणजे त्यातली कॅपिटल अक्षरं मात्र सरळच उभी होती. म्हणजे सुरुवातीला ‘तिरकेपणा’ ही मुख्य गोष्ट नव्हतीच. मुख्य गोष्ट होती हाताची लय. उभ्या अक्षरांच्या सोबतीला, एखाद्या शब्दावर बोट ठेवण्यासाठी इटॅलिक वापरायची पद्धत नंतर रुळली.

म्हणूनच चांगल्या सेरिफ फाँटचं इटॅलिक (सेरिफ म्हणजे अक्षरांच्या टोकांना बारीक पाय असलेला) नीट निरखून बघा. टाइम्स न्यू रोमन घ्या, तो सगळ्यांच्या मशीनवर असतो. उभ्या फाँटमधला छोटा ‘ए’ डोक्यावर छत्री घेतल्यासारखा दुमजली असतो. इटॅलिकमध्ये तोच आपण वहीत काढतो तसा एकमजली होतो. ‘एफ’ला खाली शेपूट फुटतं. अक्षरं अरुंद होतात, एकमेकांकडे झुकतात. म्हणजे इटॅलिक हे उभ्या अक्षराला धक्का मारून बनत नाही. ते वेगळं रेखाटलेलं, स्वतंत्र अक्षर असतं. सख्खा भाऊ म्हणा, पण तोच माणूस नव्हे.

आपल्या होस्टेलचा लाडका ‘मोनोटाइप कॉर्सिव्हा’ही याच घराण्यातला. गॅदरिंगचं सर्टिफिकेट, क्रिकेटचं सर्टिफिकेट, रक्तदानाचं सर्टिफिकेट, सगळीकडे तोच. पॅट्रिशिया सॉन्डर्स यांनी तो १९९१ मध्ये काढला आणि त्यामागे लुडोव्हिको आरिगी या सोळाव्या शतकातल्या इटालियन लेखनिकाच्या वळणाची प्रेरणा आहे. फाँट सुंदरच आहे, वादच नाही. पण त्याची कॅपिटल अक्षरं शब्दाच्या सुरुवातीला एकेकटी मिरवण्यासाठी काढलेली आहेत. आपण काय करतो? विजेत्याचं अख्खं नाव कॅपिटलमध्ये ठोकतो. मग प्रत्येक अक्षर आपापला पदर उडवत उभं राहतं आणि आपल्या मित्राचं नाव त्याच्या आईलाही वाचता येत नाही. सर्टिफिकेट फ्रेम होतं, नाव अडकतं.

आणि इंजिनिअरांनो, तुमच्यासाठी तर इटॅलिक हा अर्थाचा प्रश्न आहे. एसआय पद्धतीचा आंतरराष्ट्रीय नियम स्पष्ट आहे: राशीचं चिन्ह तिरकं, एककाचं चिन्ह उभं. तिरका ‘एम’ म्हणजे वस्तुमान, उभा ‘एम’ म्हणजे मीटर. तिरका ‘व्ही’ म्हणजे व्होल्टेज ही राशी, उभा ‘व्ही’ म्हणजे व्होल्ट हे एकक. तिरका मोठा ‘टी’ तापमान, उभा मोठा ‘टी’ टेस्ला. ‘साइन’, ‘लॉग’ ही फलनांची नावं म्हणून उभी; ती तिरकी छापली तर काटेकोर वाचणाऱ्याला तो तीन चलांचा गुणाकार दिसतो. डोनाल्ड क्नूथ यांनी आपल्या पुस्तकाची छपाई मनासारखी होईना म्हणून टेक्स नावाची अख्खी प्रणाली लिहिली. तिच्यात आणि तिच्यावर बेतलेल्या लाटेकमध्ये गणितातली अक्षरं आपोआप तिरकी होतात ती याच शिस्तीमुळे. आमच्या बॅचच्या किती रिपोर्टांत हे पाळलंय? मी टाइप केलेल्यांत तरी बोटांवर मोजण्याइतक्या. ॲक्नॉलेजमेंट मात्र शंभर टक्के तिरकं! म्हणजे जिथे तिरक्या अक्षराला अर्थ आहे तिथे ते सरळ, आणि जिथे अर्थ नाही तिथे मात्र शोभेला वाकलेलं. सर आणि मॅडम, तुम्ही मार्जिन पट्टीने मोजता. तपासताना एकदा हेही बघाल का?

फर्स्ट इयरच्या ड्रॉइंगमध्ये आपण तिरकं लेटरिंग केलंय. आयएस ९६०९ प्रमाणे ते आडव्या रेषेशी ७५ अंशांत, म्हणजे उभ्यापासून १५ अंश उजवीकडे झुकलेलं. तेव्हा प्रत्येक अक्षर आपण हाताने काढत होतो. एक बटण दाबून पान झुकवत नव्हतो. हा फरक लक्षात ठेवा, कारण आता खरा मुद्दा येतोय.

मराठी मजकूर सिलेक्ट करून कंट्रोल-आय दाबला की काय होतं?

विंडोज २००० पासून आपल्या ओळखीचा झालेला ‘मंगल’ फाँट घ्या. तो र. कृ. जोशी यांनी काढला. आयआयटी मुंबईच्या इंडस्ट्रियल डिझाइन सेंटरमध्ये त्यांनी शिकवलं आणि भारतीय लिप्यांसाठी आयुष्य घातलं. २००८ मध्ये ते गेले. मंगलमध्ये साधा आणि ठळक असे दोन प्रकार आहेत. इटॅलिक नाही. काढलेलंच नाही. मग बटण दाबल्यावर जे दिसतं ते कुणी काढलं? कुणीच नाही. सॉफ्टवेअर उभ्या अक्षराला एका बाजूला ढकलतं, बस. गणिताच्या भाषेत ही शिअर ट्रान्सफॉर्मेशन आहे: प्रत्येक बिंदू त्याच्या उंचीच्या प्रमाणात उजवीकडे सरकतो. पत्त्यांच्या कॅटला वरून तिरका दाब दिला की जसं होतं, अगदी तसं.

आता वही-पेन घ्या. कोन १२ अंश धरू. त्याचा टॅन सुमारे ०.२१. शिअरमध्ये क्षेत्रफळ बदलत नाही, म्हणजे एखादी रेघ लांबली की ती तेवढीच बारीक व्हायला हवी. उजवीकडे वर चढणारी ४५ अंशांची रेघ साधारण ११ टक्के लांबते, म्हणून १० टक्के बारीक होते. तिच्या उलट दिशेची रेघ १० टक्के आखूड होते, म्हणून ११ टक्के जाड होते. इंग्रजी अक्षरात जाडी असते ती या दुसऱ्या, डावीकडून उजवीकडे खाली उतरणाऱ्या दिशेला. त्यामुळे तिथे नुकसान झालं तरी जाड ते जाडच राहतं. आपल्याकडे बोरूचं टोक उलट बाजूने तासतात. देवनागरीची जाडी उजवीकडे वर चढणाऱ्या दिशेला येते. म्हणजे कंट्रोल-आय नेमकी आपली जाड रेघ बारीक करतं आणि बारीक रेघ जाड करतं! अक्षराचं वजन जिथे हवं तिथून निघून नको तिथे जाऊन बसतं. आपल्याला कारण सांगता येत नाही, पण बघताना अक्षर ‘आजारी’ दिसतं ते यामुळे.

दुसरं, आपली अक्षरं जमिनीवर उभी नसतात, शिरोरेषेला टांगलेली असतात. गच्चीवरची कपड्यांची दोरी आठवा. वारा आला की शर्ट-पँट सगळे एका बाजूला झुकतात, दोरी मात्र आडवीच. शिअरमध्ये आडवी रेघ आडवीच राहते. म्हणजे शिरोरेषा ताठ आणि खाली अक्षरं वाऱ्यावर. इंग्रजीत झुकण्याला अडवणारी अशी सलग दोरीच नाही.

तिसरं, आपल्याकडे अक्षराच्या वर एक मजला आणि खाली एक मजला असतो. वर वेलांटी, मात्रा, रफार, अनुस्वार. खाली उकार, रुकार. सरकणं उंचीवर अवलंबून, म्हणून वरचा मजला सगळ्यात जास्त सरकतो आणि खालचा सगळ्यात मागे राहतो. ‘मूर्ती’ हा शब्द घ्या. ‘म’चा उकार मागे, ‘ती’वरचा रफार आणि वेलांटी पुढे. सगळा मिळून १० मिलिमीटर उंचीचा शब्द असेल तर वरच्या आणि खालच्या टोकांत २ मिलिमीटरचा फरक पडतो. मोठ्या छपाईत हे चालून जातं. पण नऊ पॉइंटात, झेरॉक्सच्या झेरॉक्सवर, अनुस्वार कोणाचा आणि रफार कोणाचा हे शोधत बसावं लागतं. ‘घ’ आणि ‘ध’, ‘भ’ आणि ‘म’ यांच्यातला फरक तर आधीच एका गाठीपुरता.

‘एवढं कोण बघतं रे?’ हे वाक्य मी दुकानात रोज ऐकतो. मलाही तसंच वाटायचं. मग गेल्या वर्षी इनप्लांट ट्रेनिंगला चाकणजवळच्या एका कंपनीत गेलो. प्रेस शॉपमध्ये मशीनशेजारी प्लॅस्टिकच्या कव्हरमध्ये सूचनापत्रक टांगलेलं. डाय बदलण्याआधी काय करायचं, हात कुठे ठेवायचा नाही, मेन स्विच कधी बंद करायचा, अशा अकरा सूचना. सगळ्या मराठीत, ही चांगली गोष्ट. पण सगळ्या तिरक्या, सगळ्या ठळक, आणि वर लाल रंगात. माझं काम होतं रोजचे सायकल टाइम लिहिणं. मशीनवरचे ऑपरेटर मामा पन्नाशीचे, सातवीपर्यंत शिकलेले, रोज सकाळी पेपर शेवटच्या पानापर्यंत वाचणारे. मी सहज विचारलं, ‘मामा, हे सगळं पाळता का?’ ते हसले. म्हणाले, ‘ते होय? ते लग्नपत्रिकेवाणी दिसतंय. आम्हाला वाटलं साहेब लोकांसाठी शोभेला लावलंय. कधी वाचलंच नाही.’

मी गप्प बसलो. कारण तसली पत्रकं काळेवाडीच्या आमच्या दुकानातून मीही काढून दिली होती. गिऱ्हाईक म्हणालं ‘जरा स्टायलिश करा’, की मी बटण दाबायचो. दहा सेकंदांचं काम.

रविवारी दुकानात बसून तेच पत्रक पुन्हा टाइप केलं. उभं अक्षर, अठरा पॉइंट, ओळींत मोकळी जागा. अकरापैकी फक्त एक ओळ ठळक: डायमध्ये हात घालण्यापूर्वी मेन स्विच बंद. काकांनी प्रिंटचे पैसे घेतले नाहीत. सुपरवायझर साहेबांनी ‘ठीक आहे, लाव’ म्हणून परवानगी दिली. सोमवारी मामा चष्मा लावून पत्रकासमोर उभे राहिले आणि ओठ हलवत अकराही ओळी वाचल्या. सातव्या ओळीवर बोट ठेवून म्हणाले, ‘हे आपण करत नाय.’ एवढंच झालं. कुणाचा हात वाचला वगैरे दावा मी करणार नाही. पण जे पत्रक कित्येक दिवस नुसतं टांगलेलं होतं, ते त्या दिवशी पहिल्यांदा वाचलं गेलं.

आता मला माहीत असलेले दोन आक्षेप.

पहिला: ‘पेंटर लोक तर मराठी तिरकं लिहितात, ते छान दिसतं!’ बरोबर. काळेवाडी फाट्यावर उभं राहून टेम्पोंच्या पाठी बघा. झुकलेली, शेपटी काढलेली, सावली दिलेली देवनागरी काय रुबाबदार असते! पण पेंटर अक्षर झुकवताना जाडी सांभाळतो, वेलांटी मागे ओढतो, उकाराला जागा करून देतो. तो शिअर करत नाही, पुन्हा काढतो. अच्युत पालव यांच्यासारख्यांची सुलेखनं बघितली तर देवनागरी किती अंगांनी वळू शकते ते कळतं. हाताने, डोळ्याने झुकवलेल्या अक्षराला माझा दंडवत. विरोध बटणाला आहे.

दुसरा: ‘म्हणजे इंग्रजीला इटॅलिक आणि मराठीला काहीच नाही? हा आपल्या भाषेचा कमीपणा नाही का?’ मुळीच नाही. इटॅलिकचा जन्म जलद हस्ताक्षरातून झाला हे वर आलंच. आपल्याकडे ते जलद हस्ताक्षर एक वेगळी लिपी होऊन नांदत होतं: मोडी. आधी पानभर शिरोरेषा ओढून घ्यायची आणि मग हात कमीत कमी उचलत लिहीत सुटायचं. पेशव्यांचं दफ्तर त्यातच आहे. विल्यम कॅरीचा मराठी शब्दकोश १८१० मध्ये सेरामपूरला छापला तेव्हा मराठी शब्द मोडी ठशांत होते. पुढे छपाईत बालबोध देवनागरी जिंकली. अमेरिकन मिशन प्रेसमध्ये थॉमस ग्रॅहम यांनी आणि १८६९ साली सुरू झालेल्या जावजी दादाजींच्या निर्णयसागर छापखान्याने ते अक्षर इतकं सुबक केलं की आजही जुनी पोथी हातात आली की नजर ठरते. मोडी मागे पडली. युनिकोडमध्ये ती २०१४ मध्ये आली. मराठीचं स्वतःचं इटॅलिक कुणाला शोधायचं असेल तर त्याने व्हेनिसला जायच्या आधी मोडीच्या फर्ड्या वळणांकडे बघावं, असं मला वाटतं. कॉम्प्युटरच्या मुलांनो, हा प्रोजेक्ट टॉपिक फुकट देतोय.

शिवाय काम होतंच आहे. ‘तिरो देवनागरी मराठी’ हा पुस्तकी वळणाचा फाँट फुकट मिळतो. त्यात मराठी धाटणीचा ‘ल’ आणि ‘श’ आहे आणि फाँट बनवणाऱ्यांनी स्वतः दिलेलं इटॅलिकही आहे. ‘पॉपिन्स’मध्येही प्रत्येक जाडीसोबत इटॅलिक आहे. तिरकं हवंच असेल तर अशा फाँटातलं घ्या, जिथे कुणीतरी माणसाने त्याची जबाबदारी घेतलेली आहे. ज्यांना मुळापासून वाचायचंय त्यांनी बापूराव नाईकांचा ‘टायपोग्राफी ऑफ देवनागरी’ शोधावा. महाराष्ट्राच्या भाषा संचालनालयाने १९७१ मध्ये काढलेले तीन खंड आहेत, सबमिशननंतर वाचण्यासारखे.

तोवर मराठीत एखाद्या शब्दावर जोर द्यायला आपल्याकडे घरचेच उपाय पुरेसे आहेत. पुस्तकाचं किंवा नाटकाचं नाव एकेरी अवतरणात. महत्त्वाचा शब्द ठळक. काकांच्या भाषेत ‘काळा टाइप’. लांब उतारा असेल तर दोन्ही बाजूंनी समास वाढवा. आणि सगळ्यात जुना उपाय म्हणजे वाक्यरचना. मराठीत ‘च’ नावाचं एक अक्षर आहे, ते योग्य जागी लावलं की इटॅलिकची गरजच पडत नाही. ‘मीच केलं’ आणि ‘मी केलंच’ यांतला फरक इंग्रजीला तिरकं होऊन सांगावा लागतो.

तेव्हा संपादक मंडळाला माझी नम्र विनंती: यंदाच्या मराठी कविता उभ्या राहू द्या. फुलांच्या बॉर्डरला माझी हरकत नाही, ती तुमची हौस. विद्यार्थी मित्रांना विनंती: समीकरणातली चलं तिरकी करा, एककं सरळ ठेवा आणि आई-वडिलांचे आभार सरळ अक्षरांत माना, त्यांना ते जास्त आवडतील, कारण वाचता येतील. आणि तुमच्यापैकी जे उद्या चाकण, भोसरी, तळेगावच्या कंपन्यांत साहेब म्हणून जातील, त्यांना हात जोडून विनंती. मशीनशेजारी कागद लावाल तेव्हा तो आधी मशीन चालवणाऱ्या माणसाला मोठ्याने वाचून दाखवायला सांगा. तो अडखळला तर चूक त्याची नाही.

मामांच्या मशीनजवळचं पत्रक अजून तेच आहे. परवा त्यांचा फोन आला होता. मुलीचं लग्न ठरलंय, पत्रिका आमच्याच दुकानात करायची म्हणाले. वर म्हणाले, ‘त्यात मात्र तिरकं टाक हां, पत्रिका आहे ती!’

टाकणार आहे. हाताने काढून.